साबणाची मंजुरी

“कोरोना गेला, बाई! आता साबण मिळणार नाही म्हणजे नाही!” शाळा तपासायला आलेले विस्तार अधिकारी चितळकर हातातला आदेश नाचवत गरजले.

खिचडी शिजवणारी द्रुपदाबाई हटायला तयार नव्हती. “कोरोनानंतर शाळा उघडली, तेव्हा पोरं साबणानं हात धुवूनच जेवायला बसायची. वर्षभर एकालाही हगवण लागली नाही. तुम्ही महिन्यापूर्वी साबण थांबवला, आज नऊ पोरं अंथरुणात आहेत.”

“तो साबण कोरोनासाठी मंजूर होता, हगवणीसाठी नाही!”

एवढा शिकलेला माणूस, पण जंतूसुद्धा मंजुरी वाचून मरतात अशी त्याची समजूत!

पोरांआधी मोठ्या माणसानं खिचडीची चव घ्यायची असा शाळेचा नियम, आणि आज तो मान साहेबांचा होता. द्रुपदाबाईनं हातानंच घास उचलला आणि थेट त्यांच्या तोंडापुढं धरला. “घ्या चव. हगवण लागलेल्या पोरीची चड्डी धुऊन आत्ताच आलेय. हात नुसते पाण्याखाली धरलेत.”

साहेब खुर्चीसकट मागं सरकले. “अहो, आधी साबणानं हात धुवा!”

“धुते की, पण आत्ता जे ओरडलात, तेच त्या आदेशाखाली लिहून सही ठोका.”