खडवेळीच्या उंबऱ्यावरचं पालथं पात्र

खडवेळीच्या डोंगरात चढून येणाऱ्याला काहीतरी भव्य बघायचं असतं. घोटीव खांब, उंच कमान, ध्यानात बसलेला बुद्ध. धापा टाकत वर पोचल्यावर दिसतं ते एक बसकं लेणं, आत अंधाऱ्या खोल्यांची ओळ, बाजूला कोरडं ठणठणीत टाकं आणि उंबऱ्याच्या अगदी मध्ये वाडग्याएवढा एक काळा दगड. आत जाणारा प्रत्येकजण त्याला ठेचकाळतो.

"उखळ का हो हे?" कोणी ना कोणी विचारतंच.

"उखळ कधी पालथं असतंय व्हय?" पाहुण्यांना वर घेऊन येणारी हौसाआक्का म्हणते. "उचलून बघा. तुमच्या आधी लई पैलवान झाले."

पाहुणे जोर लावतात, हसतात, हात झटकतात. मग आक्का टाक्याच्या काठावर टेकते आणि आजेसासूकडून ऐकलेली हकीकत सांगू लागते. ती अशी.

फार पूर्वी, घाटातून बैलांचे तांडे समुद्राकडे उतरत, तेव्हा हे लेणं भिक्खुणींचं होतं. पायथ्याला पाथरवटांची घरं होती. त्यांतल्याच एकाने हे टाकं कोरलं. त्याच्या मुलीचं नाव आसाळी. तिला आई नव्हती. लेण्यातल्या थोरल्या भिक्खुणीने, थेरी सामाने, तिला वाढवलं, घास भरवले आणि टाक्याच्या माथ्यावर कोरलेल्या अक्षरांवरून तिचं बोट फिरवत तिला वाचायला शिकवलं. 'चारी दिशांनी येणाऱ्यांसाठी,' असं तिथे लिहिलं होतं म्हणे. आसाळीने भिक्खुणीचं चीवर अंगावर घेतलं त्या दिवशी तिच्या हाती भिक्षापात्र दिलं ते सामानेच, आणि धम्म शिकायला सोपाऱ्याच्या बंदरातून सिंहलद्वीपाच्या जहाजात बसवलं तेही सामानेच.

पुष्कळ वर्षांनी आसाळी परतली. समुद्रापलीकडे तिने संघाचे सगळे नियम मुखोद्गत केले होते. तिथल्या भिक्खुणींना ती अभिमानाने सांगायची, आमच्या डोंगरावरचं पाणी राजाही पितो आणि पाथरवटही, एकाच काठावर बसून. घाट चढताना तिच्या डोळ्यांपुढे तेच चित्र होतं. बायकांच्या घागरी, लेकरांचा कलकलाट, पायरीवर बसलेली सामा.

वर येऊन पाहते तर टाक्याभोवती काटेरी कुंपण. दारात भालेकरी. आत तांड्याचे बैल पाण्यात तोंड घालून उभे. आणि गावच्या बायका खाली दूर नदीच्या वाळूत झिरे उकरून गढूळ पाणी वाटीवाटीने घागरीत भरत होत्या.

आसाळी तशीच खाली नदीवर गेली. त्या बायकांत तिची मावशी होती, कान्ही. तिने आसाळीला खालून वरपर्यंत न्याहाळलं.

"आलीस? शिकून आलीस म्हणे. मग टाक्यावर काय लिहिलंय ते वाच की त्या भालेवाल्याला."

"मावशी, हे कधीपासून?"

"अपरेणुक सेठाचे तांडे इथे मुक्काम करायला लागले तेव्हापासून. बैलांना वाचता येत नाही, तरी ते पितात. आम्हालाही वाचता येत नाही, पण आम्ही तहानलेले. आता तूच सांग, शहाणं कोण?" बोलता बोलता मावशी थांबली. मग हलकेच म्हणाली, "हे गढूळ पाणी पिऊन सुनेचं तान्हं गेलं गं. आणि दारोदारी पोरं आजारी आहेत."

आसाळी तडक वर गेली. सामाच्या पाया पडली आणि पाया पडल्या पडल्याच तिने विचारलं. सामाने काही लपवलं नाही. पावसाळ्याचे महिने भिक्खुणींनी बाहेर पडायचं नाही, एका जागी राहायचं, असा वर्षावासाचा नियम. तेवढ्या काळाचं सगळं धान्य सेठ पुरवतो. बदल्यात त्याने पाणी मागितलं.

"ते पाणी तुझं नव्हतं द्यायला," आसाळी म्हणाली.

"नव्हतं," सामा म्हणाली.

आसाळीला धीर आला. संघाचा एक जुना नियम तिने सामाला सांगितला, जणू सामाला तो माहीतच नव्हता. जो दाता संघाला दिलेलं हिरावून घेतो, त्याच्यापुढे संघाने पात्र पालथं घालावं. त्याच्याकडून दाणाही घेऊ नये. असा दाता चारचौघांत तोंड दाखवू शकत नाही. तो आपणहून चूक सुधारतो. मात्र त्यासाठी सगळ्या संघाची अनुमती लागते. प्रस्ताव मांडायचा. ज्यांना मान्य असेल त्यांनी गप्प राहायचं. नसेल त्यांनी बोलायचं. एक जरी बोलली, तरी प्रस्ताव मोडला.

सामाने ऐकून घेतलं आणि आसाळीच्या डोक्यावर हात ठेवला. "मांड प्रस्ताव. मी गप्प राहीन."

पौर्णिमेच्या दिवशी, ऊन कलताना, सगळ्या भिक्खुणी लेण्यात जमल्या. आसाळीने प्रस्ताव मांडला. असं सांगतात की तिचा आवाज खाली नदीपर्यंत गेला आणि बायका झिरे उकरायच्या थांबल्या. मग ती गप्प झाली आणि लेणंही गप्प झालं. ज्या तरुण भिक्खुणी विरोध करतील असं तिला वाटलं होतं, त्यांनीही माना खाली घातल्या, पण तोंडं उघडली नाहीत. एवढी शांतता की बैलांचं पाणी पिणं ऐकू येत होतं.

"मला मान्य नाही."

आसाळीने वळून पाहिलं. सामा उभी होती.

"तुझं बरोबर आहे, पोरी," ती म्हणाली. "तू म्हणतेस तो धम्मच आहे. पण धम्म शिजवून वाढता येत नाही. पाऊस लागल्यावर या मुलींना मी काय घालू?"

"तू माझ्या डोक्यावर हात ठेवला होतास."

सभा उठली.

आसाळी डोंगर उतरून मावशीच्या अंगणात येऊन बसली. रडली नाही म्हणे. "संघ नसला तर नसला," ती म्हणाली. "उद्या सकाळी मी एकटी सेठाच्या तळावर जाते आणि त्याच्यापुढे पात्र पालथं घालते."

कान्ही मावशी चुलीत फुंकर घालत होती. तिने वरही पाहिलं नाही. "सेठापुढे कशाला? त्याने तुला कधी घास भरवला होता? परक्याने नेलं तर त्याला नुसती चोरी म्हणतात."

दुसऱ्या दिवशी सकाळी सामा नेहमीप्रमाणे पेजेचा डाव घेऊन उंबऱ्याशी आली. आसाळी समोर उभी होती, हातात सामानेच दिलेलं पात्र. सामाचा चेहरा उजळला. तिने डाव पुढे केला. आसाळी वाकली, पात्र उंबऱ्यावर पालथं घातलं आणि सरळ झाली.

"आई, आजपासून तुझ्या हातचं नको," एवढंच म्हणाली आणि डोंगर उतरून गेली.

पात्राशिवाय भिक्खुणी कसली? ती ओंजळीत खायची, म्हणे. पाथरवटांनी जे दिलं ते, त्यांच्यातच बसून.

सामाने ते पात्र उचलायला हात घातला, तर ते हलेना. साऱ्याजणींनी जोर लावला. सेठाच्या माणसांनी पहारी आणल्या, त्या वाकल्या. पात्राचा दगड झाला होता. पाऊस आला, डोंगर भिजला, पण टाक्यात थेंब ठरेना. आणि खाली, कान्हीच्या अंगणापाशी, उंबराच्या मुळातून झरा फुटला. तांड्यांनी मुक्काम हलवला, त्यांच्यामागे धान्यही गेलं, आणि एकेक करून भिक्खुणी डोंगर उतरल्या. सामा मात्र उतरली नाही. मरेपर्यंत रोज सकाळी ती त्या दगडापुढे डावभर पेज ठेवून वाट बघत असे, असं सांगतात. त्या जागी उंबऱ्याला पडलेला खळगा हौसाआक्का बोटाने दाखवते.

आजही खडवेळीत उंबराच्या झऱ्याला कुंपण नाही. आजही तिथे कोणावर घरच्यांनीच अन्याय केला, तर तो भांडत बसत नाही. सकाळी उठून त्या दारात एक वाटी पालथी घालतो. घरात आलेली सून घालू शकते, पोरगंही घालू शकतं. त्याला सभा लागत नाही, कोणाची अनुमती लागत नाही. ती वाटी सुलटी होईपर्यंत त्या घरी गावातलं कोणी जेवत नाही.

फक्त घालणाऱ्याला वाटेत पहिला जो भेटेल, तो एकच विचारतो, "त्या घरचं अन्न खाल्लंयस ना?"

नाही म्हटलं, तर वाटी परत घ्यावी लागते.