मिरी मुंगी आणि गोल गोल पाचू

टेबलाच्या पायाशी एक फट होती. फटीत एक मुंगी राहायची. काळी काळी, बारकी बारकी, मिरीच्या दाण्याएवढीसुद्धा नाही. तरी नाव मिरी.

टेबलावर एक पिंजरा होता. पिंजऱ्यात एक पोपट होता. हिरवा हिरवा, इवला इवला, अजून लहानच. नाव पाचू.

रोज सकाळी पाचू बाजरी खायचा. कटर कटर कटर. खायचा थोडी, सांडायचा फार. त्यातला एक दाणा पिंजऱ्यातून सुटायचा, टेबलावरून घरंगळायचा आणि फटीपाशी पडायचा. टप.

मिरी म्हणायची, आला माझा दाणा. मग तुरु तुरु तुरु, दाणा घरात.

एक दिवस काय झालं, सकाळ झाली तरी टप झालंच नाही.

मिरी दारात बसली. वर बघितलं. मिशा पुसल्या. परत वर बघितलं. कटर कटर नाही, टप नाही, काही नाही. झोपला असेल आळशी, असं म्हणून मिरी टेबलाच्या पायावरून वर निघाली. तुरु तुरु तुरु.

वर जाऊन बघते तर काय, पाचू दांडीवर नाहीच. पिंजऱ्याच्या तळाशी बसलाय. पिसं फुलवून गोल गोल झालाय, जसा लोकरीचा गुंडा. डोळे अर्धे मिटलेले. शेपूट श्वासाबरोबर वर खाली, वर खाली. आणि खालच्या कागदावर शी कशी? रोज घट्ट घट्ट टिपके असायचे. आज नुसतं हिरवं पाणी. मिरीचा एक पाय त्यात पडला. ई. तिने तो तीनदा झटकला.

मग म्हणाली,
"पाचू, पाचू, बाजरी खा.
माझा दाणा खाली पाड."

पाचू हळूच म्हणाला, "खाऊ कसा? अंगात बरं नाही. औषध मिळालं तर खाईन. नाही तर नाही."

औषध कोण आणणार? घरातली आई आणणार. मिरी निघाली आईकडे. तुरु तुरु तुरु.

आई चुलीपाशी मेतकुटाच्या डाळी भाजत होती. खर्र खर्र. तिचं एक तान्हं बाळ होतं. बाळ शिंकलं की आई धावायची. बाळ नाही शिंकलं की आई म्हणायची, आज शिंकलं का नाही? अशी ती आई. मिरी तिच्या खांद्यावर चढली, कानाशी गेली आणि म्हणाली,
"आई, आई, औषध आण.
पाचू खाईना. दाणा पडेना.
माझं पोट भरेना."

आई हसली. म्हणाली, "औषध कशाला गं? कसा गोल झालाय बघ. जनाक्का म्हणतात, त्याने बाळसं धरलंय. दृष्ट लागू नये म्हणून मी पिंजऱ्याला तीटसुद्धा लावली. जनाक्कांनी आजारी म्हटलं तर उठेन. नाही तर नाही."

मिरीने मागे बघितलं. खरंच की. पिंजऱ्याच्या छपरावर काजळाचा हा एवढा मोठा ठिपका.

मिरी निघाली जनाक्कांकडे. तुरु तुरु तुरु.

जनाक्का बाळाला न्हाऊ घालायला यायच्या. अर्ध्या गावाची बाळं त्यांच्या पायांवर न्हाऊन मोठी झाली. आज बाळाचं तेल गोठलं होतं, म्हणून त्या बशीतून चहा पीत बसल्या होत्या. फुर्र फुर्र. मिरी बशीच्या काठावर चढली.
"जनाक्का, जनाक्का, खरं सांगा.
आई उठेना. पाचू खाईना. दाणा पडेना.
माझं पोट भरेना."

जनाक्कांनी बशी खाली ठेवली. "तू मला शिकवतेस? एवढीशी तू. गोल तेवढं गुटगुटीत, मी काय आज बघतेय? तराजूने सांगितलं वजन घटलं, तर मानेन. नाही तर नाही."

मिरी निघाली तराजूकडे. तुरु तुरु तुरु.

तराजू टेबलावरच होता, पिंजऱ्याच्या दाराशी. आईचं मेतकूट तोलायचा. मिरी त्याच्या पारड्यात उभी राहिली. पारडं हललंसुद्धा नाही.
"तराजू, तराजू, वजन सांग.
जनाक्का मानेना. आई उठेना.
पाचू खाईना. दाणा पडेना.
माझं पोट भरेना."

तराजू म्हणाला, "पाचू या घरात आला तेव्हा पाच सुपाऱ्यांएवढा भरला होता. आज किती? मला काय ठाऊक? कडी निघाली आणि पाचू पारड्यात बसला, तर सांगेन. नाही तर नाही."

मिरी निघाली कडीकडे. तुरु तुरु तुरु.

कडी पिंजऱ्याच्या दाराला होती. दाणापाणी वाटीच्या खिडकीतून जायचं, त्यामुळे दार कोणी उघडायचंच नाही. कडी बसून बसून तांबडी झाली होती.
"कडी, कडी, निघ की गं.
तराजू बोलेना. जनाक्का मानेना. आई उठेना.
पाचू खाईना. दाणा पडेना.
माझं पोट भरेना."

कडी कुरकुरली. कर्र. "मला गंज चढलाय बाई. तेल मिळालं तर निघेन. नाही तर नाही."

मिरी निघाली तेलाकडे. तुरु तुरु तुरु.

पिंजऱ्याच्या वर खिडकी होती. खिडकीच्या कट्ट्यावर बाळाची खोबरेलाची बाटली होती. बूच सैल, बाटली आडवी. पण तेल? दगड.
"तेल, तेल, थेंब दे.
कडी निघेना. तराजू बोलेना. जनाक्का मानेना. आई उठेना.
पाचू खाईना. दाणा पडेना.
माझं पोट भरेना."

तेल आतून बोललं, "थंडी किती आहे बघ. मी पार पांढरं झालंय. ऊन आलं तर वितळेन. नाही तर नाही."

मिरी निघाली उन्हाकडे. पडद्याच्या मागे, काचेपाशी. तुरु तुरु तुरु.

ऊन काचेला नाक लावून उभं होतं.
"ऊन, ऊन, आत ये.
तेल वितळेना. कडी निघेना. तराजू बोलेना. जनाक्का मानेना. आई उठेना.
पाचू खाईना. दाणा पडेना.
माझं पोट भरेना."

ऊन म्हणालं, "मी केव्हाचं आलंय. मध्ये पडदा आहे. तो सरकला तर येईन. नाही तर नाही."

मिरी वळली पडद्याकडे. तुरु तुरु तुरु.

"पडदा, पडदा, बाजूला हो.
ऊन येईना. तेल वितळेना. कडी निघेना. तराजू बोलेना. जनाक्का मानेना. आई उठेना.
पाचू खाईना. दाणा पडेना.
माझं पोट भरेना."

पडदा म्हणाला, "होतो की. पण खाली बघ. माझ्या घोळावर मांजर झोपलीय. ती उठली तर सरकेन. नाही तर नाही."

मिरीने खाली बघितलं. शेजारची भुरी मांजर. ही एवढी. घुर्र घुर्र घुर्र.

मिरी पडद्यावरून खाली उतरली. या खेपेला तुरु तुरु नाही. हळू हळू हळू. भुरीच्या कानापाशी जाऊन म्हणाली,
"भुरी, भुरी, ऊठ की गं.
पडदा सरकेना. ऊन येईना. तेल वितळेना. कडी निघेना. तराजू बोलेना. जनाक्का मानेना. आई उठेना.
पाचू खाईना. दाणा पडेना.
माझं पोट भरेना."

भुरीने एक डोळा उघडला. "नाही उठत जा," म्हणाली, आणि डोळा मिटला.

तर बिर काही नाही. नुसतं नाही.

आता मिरी कोणाकडे जाणार? पुढे कोणी उरलंच नव्हतं. घरी जावं, असं तिच्या मनात आलं. डब्याखाली साखर सांडलेली असते, तिच्यावर पोट भरलं असतं.

तिने वर बघितलं. पिंजऱ्याच्या गजांतून पाचूची शेपूट दिसत होती. वर खाली. वर खाली. मघापेक्षा भराभर.

मिरीला साखर नकोशी झाली.

ती भुरीच्या पाठीवर चढली. पाठीवरून शेपटीवर गेली. शेपटीच्या अगदी टोकाला गेली. डोळे घट्ट मिटले. आणि चावली. चुटुक.

म्याँव.

भुरी उडाली. तिचं नख पडद्यात अडकलं. पडदा सरकला, सर्रर्र. नख सुटलं आणि भुरी दारातून बाहेर. जिना उतरून खाली, तरी थांबली नाही.

मांजर उठली, पडदा सरकला.
पडदा सरकला, ऊन आलं.
ऊन आलं, तेल वितळलं.

हळूहळू हं. आधी काठाला पाणी पाणी, मग मधे. मग बुचातून एक थेंब निघाला आणि बरोब्बर कडीवर पडला. टिप.

तेल मिळालं, कडी निघाली. खट.

दार उघडलं. बाहेर टेबलावर ऊन पडलं होतं. पाचूला ऊब हवी होती. तो लटपटत लटपटत बाहेर आला आणि उन्हातल्या पारड्यात जाऊन बसला. उडाला नाही, ओरडला नाही. आईने डाळी भाजता भाजता बघितलं आणि तिचा हात थांबला. पाचू बाहेर येऊन उडत नाही, असं कसं?

तिने बसल्या जागेवरूनच हात लांबवून दुसऱ्या पारड्यात पाच सुपाऱ्या ठेवल्या. सुपाऱ्या खाली, पाचू वर.

एक सुपारी काढली. पारडी सारखी झाली.

कडी निघाली, तराजू बोलला. चार, म्हणाला. चारच.

जनाक्का चष्मा लावून जवळ आल्या. पाचूला हातात घेतलं. बाळ जोखतात तसं जोखलं. वरून गोल, आत नुसती पिसं. छातीचं हाड बोटाला लागलं. मग आईला म्हणाल्या, "रेणू, हे बाळसं नव्हे. ऊठ."

तराजू बोलला, जनाक्कांनी मानलं.
जनाक्कांनी मानलं, आई उठली.

आई अशी उठली, की डाळीची कढई तशीच राहिली. ती जनाक्कांनी उतरवली. जनाक्का म्हणत होत्या, हळकुंडाची जरा गुटी उगाळून देऊ का? आईने नको म्हटलं. जनाक्कांना नको म्हणायची तिची ही पहिलीच वेळ. तिने पाचूला पिंजऱ्यात ठेवलं, पिंजऱ्याला बाळाचं दुपटं गुंडाळलं आणि बाळ जनाक्कांच्या मांडीवर दिलं. रिक्षा आली. फट फट फट. दुपट्याच्या घडीत मिरीपण बसली होती. तिला कोणी ये म्हटलं नव्हतं.

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी पाचूला बघितलं. आईला समजावून सांगितलं, की हा जाडा झालेला नाही, हा आजारी आहे, थंडी वाजते म्हणून पिसं फुलवून बसलाय. पाखरं आपलं दुखणं लपवून ठेवतात. म्हणून खाणं थांबलं, शी बदलली, दिवसा झोपू लागला, शेपूट श्वासाबरोबर हलायला लागली, की उद्यावर टाकायचं नाही. त्याच दिवशी आणायचं. घरचं काही उगाळून पाजायचं नाही. त्यांनी थेंबाचं औषध दिलं. ऊब द्या म्हणाल्या, आणि रोज सकाळी वजन करा.

आई म्हणाली, "उशीर तर नाही ना झाला?"

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "उद्या आला असता तर झाला असता."

मिरीने हे ऐकलं आणि ती दुपट्यात आणखी आत गेली.

पिंजरा घरी आला. वाऱ्यापासून दूर ठेवला. तीन बाजूंनी दुपटं, चौथ्या बाजूला दिवा. सकाळी थेंब, संध्याकाळी थेंब.

पहिल्या दिवशी मिरी दारात बसली. टप नाही.

दुसऱ्या दिवशी बसली. टप नाही. शेपूट मात्र जरा हळू हलत होती.

तिसऱ्या दिवशी मिरी बसली आणि बसल्या बसल्या तिला वरून काही ऐकू आलं.

कटर.

मग बराच वेळ काही नाही.

कटर कटर.

टप.

दाणा मिरीच्या डोक्यावरच पडला. ती उताणी झाली. सहाच्या सहा पाय वर. तशीच पडून ती ऐकत राहिली. कटर कटर कटर.

आठवड्याने पारड्यात पाच सुपाऱ्या ठेवल्या. पारडी सारखी झाली. पाचू दांडीवर चढून शीळ घालू लागला. आईने पिंजऱ्यावरची तीट पुसून टाकली, मग जराशी परत लावली.

जनाक्का बाळाला तेल चोळता चोळता म्हणाल्या, मला पहिल्यापासून वाटतच होतं, हे पोर बरं नाही.

आई म्हणाली, मला तर आदल्या दिवशीच शंका आली होती.

तराजू म्हणाला, सांगितलं कोणी? मी.

कडी म्हणाली, मी निघाले म्हणून. तेल म्हणालं, मी वितळलं म्हणून. ऊन म्हणालं, मी आलं म्हणून. पडदा म्हणाला, मी सरकलो म्हणून. भुरी दाराबाहेर शेपूट चाटत बसली होती. ती काही म्हणाली नाही.

मिरीपण काही म्हणाली नाही. कशी म्हणणार? तोंडात दाणा होता.

ती तुरु तुरु तुरु फटीत गेली. गोष्टही तिच्या मागोमाग आत गेली.