पात्याची करकर

“पण नमुना कुठनं काढला, साहेब?”

सारिका कोळेकरने हे तिसऱ्यांदा विचारलं.

डॉ. सौमित्र केळूसकरने पेनाचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. बाहेर बाकावर अठरा पेशंट ताटकळले होते आणि ही बाई स्टुलावरून हलायला तयार नव्हती.

“तुमच्याच गाठीतून काढला, ताई. ऑपरेशनच्या वेळी काढलेले तुकडे आपण जपून ठेवतो. त्यातल्या एकाचे काप बाहेरच्या लॅबला तपासायला पाठवले. ही गोळी ज्या बिघाडावर नेम धरते, तो बिघाड त्यात सापडला नाही. मग गोळी देऊन उपयोग काय?”

“ते कळलं. गाठीच्या कुठल्या अंगाचा तुकडा?”

“त्याने काय फरक पडतो?”

“आमच्यात पडतो.”

सारिका तासगावची. बेदाण्याच्या शेडवर अकरा वर्षं निवडणीला जायची. आजारपणात ते सुटलं, पण नजर सुटली नव्हती.

“पेटी वरनं पिवळीधमक असती, साहेब. बुडात हात घातला की काळा माल लागतो. कधी उलटंबी असतं. म्हणून जाणता व्यापारी वरचा नमुना घेत न्हाई.”

“हे बेदाणे नाहीत.”

“न्हाईत,” सारिकाने मान्य केलं.

आणि बसून राहिली.

“तुम्हाला ते कळणार नाही, ताई.”

“मला न्हाई कळलं तर ऱ्हाऊ द्या. तुमाला ठावं हाय का, येवढं सांगा. मी उठते.”

सौमित्र उत्तर द्यायला गेला… आणि थांबला. त्याला ठाऊक नव्हतं.

सौमित्र वाईट डॉक्टर नव्हता, हे आधीच सांगितलेलं बरं. मोठ्या शहरात शिकून तो मिरजेच्या या इस्पितळात आपणहून आला होता. सारिकाला झालेला अंडाशयाचा कर्करोग विरळा. सावकाश वाढतो आणि केमोला भीक घालत नाही. दोनदा केमो झाली. दोनदा केस गेले, दोनदा आले, गाठी होत्या तिथेच राहिल्या. वय अवघं बत्तीस. या नव्या गोळीचं सौमित्रने वाचलं तेव्हा तिच्याआधी तोच हरखला होता. मग रिपोर्ट आला, ‘नाही’ म्हणून. आता तिला तिसऱ्यांदा तीच केमो द्यायची, नाहीतर घरी पाठवायचं. त्याला राग आला होता तो रिपोर्टचा, आणि निघत होता तिच्यावर.

“इथेच बसा,” तो खुर्ची मागे सारत म्हणाला. “आत्ता विचारून येतो.”

“बसलेच हाय की,” सारिका म्हणाली.

लॅब खाली, इमारतीच्या मागे, सायकल स्टँडला लागून. आत मेणाचा आणि झायलीन या रसायनाचा उग्र वास. तिथे निसार मुजावर बसत. सगळं इस्पितळ त्यांना चाचा म्हणे. ऑपरेशनमध्ये निघालेले तुकडे मेणात बसवून ठोकळे, म्हणजे ब्लॉक, करायचे आणि मशीनवर त्यांचे केसाहून पातळ काप काढायचे, हे काम त्यांनी अडतीस वर्षं केलं. निवृत्त झाले, तरी तसा हात दुसऱ्या कुणाचा बसेना, म्हणून इस्पितळाने पुन्हा बोलावून घेतलं. भिंतीवर पदवी नव्हती, एक जुनं कॅलेंडर होतं.

मोठे डॉक्टर नव्या डॉक्टरांना सांगत, अडलं तर चाचांकडे जा. सौमित्रलाही सांगितलं होतं. तो अजून कधी अडला नव्हता.

“चाचा, कोळेकरच्या कुठल्या ब्लॉकचे काप पाठवले आपण?”

चाचांनी मशीनवरची नजर काढली नाही. “तुम्ही सांगितला त्याचे.”

“कुठला?”

“एक नंबर. सगळ्यात मोठा.”

“तो गाठीच्या कुठल्या भागातला?”

“बसा की, साहेब.”

“बसायला वेळ नाही मला.”

“मग उभे ऱ्हावा.”

चाचा उठले. कपाटातला खण उघडून त्यांनी मेणाचे ठोकळे चाचपले आणि काढून बर्फाच्या ट्रेमध्ये पालथे ठेवले. मग घड्याळाकडे बघितलं.

“धा मिनिटं लागतील.”

“कशाला?”

“मेण गार झालं पायजे. त्याशिवाय कापत न्हाई.”

“चाचा, मला काप नकोत. उत्तर हवंय.”

“तेच गार करायला ठेवलंय.”

सौमित्रने कपाळावर हात मारला. या इस्पितळात सरळ प्रश्नाला सरळ उत्तर द्यायचं नाही, अशी सगळ्यांनी मिळून शपथ घेतली असावी, असं त्याला वाटलं. वर ती स्टुलाला चिकटलेली, खाली हा म्हातारा बर्फ घेऊन बसलेला. त्याने हातातली रिपोर्टची घडी उलगडली, मिटली, पुन्हा उलगडली.

“वाचला का रिपोर्ट?” चाचांनी विचारलं.

“दहा वेळा.”

“शेवटची ओळ?”

“ती काय, असतेच. ‘तुकड्यात कर्करोगाच्या पेशी फार कमी; निष्कर्ष जपून घ्यावा.’ हे लोक स्वतःच्या बचावासाठी असं काहीतरी लिहून ठेवतात.”

चाचांनी ट्रेमधला बर्फ सारखा केला.

बर्फाचं पाणी ट्रेच्या कडेने ठिबकत होतं…

सौमित्रचा मोबाइल वाजला. वरची सिस्टर होती. “सर, त्या बाई उठत नाहीयेत. बाहेरचे लोक ओरडायला लागलेत.”

“ओरडू देत,” सौमित्र म्हणाला, आणि स्वतःच ओरडल्यासारखं झालं.

दहा मिनिटं झाली. चाचांनी मोठा ठोकळा उचलून मशीनवर आवळला. मग ते आपल्या स्टुलावरून उठले आणि त्यांनी स्टूल सौमित्रकडे सरकवलं.

“फिरवा चाक.”

“मी?”

“तुम्हीच.”

“चाचा, मी कापायला शिकलेलो नाही. मी डॉक्टर आहे.”

“व्हय. फिरवा.”

वाद घालण्यापेक्षा फिरवलेलं बरं, म्हणून सौमित्र बसला. त्याने चाक फिरवलं. ठोकळा खाली आला, पात्यावर घासला.

कर्र.

भातात खडा यावा तसा आवाज. त्याचे दात आंबले.

पात्यातून मेणाची पट्टी निघाली ती उभी फाटलेली, झिरमिळ्या झालेली.

“पातं बोथट आहे.”

चाचांनी मुकाट्याने नवं पातं काढलं, बसवलं. “फिरवा.”

कर्र. कर्र.

“मग मेण खराब असेल.”

“मेण सगळ्यांना हेच वापरलं. बाकीचे गुळगुळीत निघाले.”

“मग मशीन…”

चाचांनी दुसऱ्याच कुणाचा ठोकळा लावून दोन फेरे फिरवून दाखवले. आवाज नाही. मग पुन्हा कोळेकरचा एक नंबर लावला आणि हात मागे घेतले.

सौमित्रने या खेपेला सावकाश फिरवलं. कर्र…

आता दोष द्यायला काही उरलं नव्हतं.

चाचांनी फाटकी पट्टी चिमट्याने उचलून कोमट पाण्यावर सोडली, काचेवर घेतली आणि बाजूला ठेवली. मग खणातून त्याच ठोकळ्याची जुनी, रंगवलेली काच काढून सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली. बोटाने नुसती खूण केली.

सौमित्र वाकला.

गोल गोल कण. एकात एक वळी असलेले, टणक. इकडे कण, तिकडे कण, मध्ये जुन्या व्रणाचे पांढुरके पट्टे. पेशी शोधायला त्याला काच पार कडेपर्यंत सरकवावी लागली. तिथे होत्या चार, कोपऱ्यात अंग चोरून.

हा कर्करोग गाठीत चुन्याच्या कणांची वाळू तयार करतो, हे त्याला पाठ होतं. परीक्षेत नेमका यावरच प्रश्न आला होता आणि त्याने पैकीच्या पैकी गुण घेतले होते.

“वाळू,” तो पुटपुटला.

चाचांनी काच आणखी थोडी सरकवली.

“सगळी वाळूच आहे यात. तपासणी करायची ती पेशींची. आम्ही पाठवली वाळू…” तो ताडकन उठला. “मग तुम्ही मला सांगितलं का नाही, चाचा? एवढी करकर तुम्हाला त्या दिवशी ऐकू आली असेल ना? तीन आठवडे गेले! मी आत्ता वर तिला सांगून बसलो की उपाय नाही. तोंड नव्हतं तुम्हाला?”

चाचांनी त्याच्याकडे बघितलं. रागाने नव्हे. नुसतंच बघितलं, आणि बघत राहिले.

…

मग सौमित्रला तो फोन आठवला.

पॅथॉलॉजीच्या मॅडम त्या आठवड्यात रजेवर होत्या. ब्लॉक त्यानेच निवडला होता; मोठा तुकडा, म्हणजे माल जास्त, एवढाच त्याचा हिशेब. तो राउंडवर असताना खालून फोन आला होता. साहेब, एक नंबर पात्याला लागतोय, त्यापेक्षा सात नंबर… एवढंच चाचा बोलले होते. आणि पुढचं वाक्य त्याचं स्वतःचं होतं. ते आता त्याला शब्दन्‌शब्द ऐकू आलं.

‘चाचा, तुम्ही फक्त कापा. विचार करायला आम्ही आहोत.’

तो खाली बसला. त्याला मनापासून लाज वाटली, आणि ती लपवायला लॅबमध्ये जागाही नव्हती.

“सात नंबर आहे अजून?” त्याने विचारलं.

चाचांनी बर्फाच्या ट्रेकडे हात केला. तिथे अजून एक ठोकळा पालथा पडला होता. मघाशी त्यांनी दोन ठेवले होते. सौमित्रने एकच पाहिला होता.

छोटासा तुकडा, मेणाच्या मधोमध उडदाच्या दाण्याएवढा.

“एवढासा?”

“फिरवा.”

सौमित्रने चाक धरलं. या वेळी त्याने श्वासही धरला. ठोकळा खाली आला, वर गेला, खाली आला. त्याने कान दिला. चाकाची हलकी घरघर तेवढी होती.

“काही ऐकू येत नाही.”

“हां,” चाचा म्हणाले. इतक्या वेळात पहिल्यांदा त्यांचा चेहरा जरा सैल झाला.

पट्टी अखंड निघाली. एक, दोन, पाच, आठ. सौमित्रचा हात भरात आला तसा चाचांनी त्याच्या मनगटावर बोटं ठेवली.

“बास. तपासणीपुरतं झालं. ऱ्हायलेलं ठिवूया.”

“अजून काढू ना. असू देत.”

“तुकडा तिचा हाय, साहेब. पुढं आणखी कायतर विचारायची पाळी आली तर?”

सौमित्रने हात काढून घेतला.

चाचांनी सात नंबरची पट्टी पाण्यावर सोडली. ती सुरकुती न पडता पसरली. त्यांनी काच खाली घालून ती उचलून घेतली, कडा फडक्याने पुसली आणि उजेडात धरून बघितली.

“यातही बिघाड नाही सापडला तर?” सौमित्रने विचारलं.

“तर न्हाई.”

“आणि सापडला, तरी गोळी लागू पडेलच असं काही नाही.”

“न्हाई.”

“मग मी तिला नेमकं सांगू काय? उपाय नाही म्हटलं, ते चुकलं म्हणू? उपाय आहे म्हणू, तर तेही खरं नाही. मध्येच काहीतरी बोललो तर ती पुन्हा आशेवर राहणार… चाचा, ती वर बसलीय. मी तिला म्हणालो, तुम्हाला ते कळणार नाही.”

“म्हणाला?”

“म्हणालो.”

चाचांनी जिभेने च्‌ केलं. अडतीस वर्षं डॉक्टर लोकांबरोबर काढलेल्या माणसाचं ते च्‌ होतं, आणि त्यात सौमित्रच्या आधीचेही पुष्कळ जण आले.

“काय करते ती बाई?”

“बेदाणे निवडायची. तासगावला. मला विचारत होती, नमुना कुठून काढला. तीन वेळा विचारलं तिने.”

“तीन वेळा,” चाचा म्हणाले.

मोबाइल पुन्हा वाजू लागला. सौमित्रने तो न बघताच बंद केला आणि दाराकडे निघाला. दारात थांबला, परत वळला.

“चाचा, काहीतरी सांगा. काय बोलू?”

चाचांनी दोन्ही काचा उचलल्या. एकीवर फाटलेली, चिरांची पट्टी. दुसरीवर अखंड. दोन्हींवरचे नंबर त्यांनी कागदाच्या चिकटपट्टीने झाकले आणि काचा सौमित्रच्या तळहातावर शेजारी शेजारी ठेवल्या.

“दोन्ही तिच्यापुढं ठेवा, साहेब. आणि विचारा तिला, यातला नमुना कुठला पाठवू?”