कोणी खाल्ल्या ताईच्या मुंडावळ्या?

चिंचेच्या झाडाखाली लग्न होतं. कुणाचं लग्न? खारीचं लग्न!

नवरी कोण? थोरली खार. तिचं नाव ताई.

करवली कोण? धाकटी खार. तिचं नाव चिंगी. करवली म्हणजे नवरीच्या पाठीशी उभी राहणारी बहीण. शेपूट एवढंसं, पण तोरा केवढा!

ताई म्हणाली, "बाजारातलं चकचकीत काही नको. सगळं घरी करायचं."

मग काय! आंब्याच्या पानांचं तोरण केलं. पळसाच्या पानांच्या पत्रावळी लावल्या. आईने नाचणीचा केक केला. वर शेंगदाणे टोचले. पाहुण्यांना द्यायला पानांच्या पुड्या बांधल्या. पुडीत काय? भोपळ्याच्या बिया. घरी न्या, पेरा, भोपळे खा!

आणि चिंगीने केल्या ताईच्या मुंडावळ्या. मुंडावळ्या म्हणजे नवरीच्या कपाळावर बांधायच्या फुलांच्या माळा. केळीच्या सोपाचा, म्हणजे खोडाच्या सालीचा दोरा, झेंडूची फुलं.

"माझ्या हातांनी केल्या!" चिंगी सांगत सुटली. कोंबडीला सांगितलं. म्हशीला सांगितलं. वाटेतल्या दगडालासुद्धा सांगितलं.

मुंडावळ्या तिने खालच्या फांदीवर टांगल्या. अगदी खालच्या! आणि गेली शेपूट विंचरायला.

कुरुम कुरुम... कुरुम कुरुम...

परत आली, तर काय? फुलं गायब! उरला नुसता दोरा.

ताईचे डोळे भरून आले. "मुंडावळ्या नाहीत, तर मी नवरी कशी होऊ?"

चिंगीलाही खूप रडू आलं. पण रडत बसेल, ती करवली कसली!

"ताई, तू रडू नकोस. मी फुलं आणते."

दोरा गळ्यात घातला. मुठीत अक्षतेचा दाणा धरला. पिवळा पिवळा, हळदीचा. करवलीच्या वाटणीचा एकच दाणा. तो ताईवर टाकायचा होता ना!

तुरुतुरु तुरुतुरु, चिंगी गेली झेंडूकडे.

"झेंडू, झेंडू, फूल दे!
फुलाविना मुंडावळी होईना,
मुंडावळीविना ताई नवरी होईना!"

झेंडू म्हणाला, "सकाळपासून पाणी नाही. मान बघ कशी लोंबतेय! आधी पाणी, मग फूल."

तुरुतुरु तुरुतुरु, चिंगी गेली विहिरीकडे.

"विहिरी, विहिरी, पाणी दे!
पाण्याविना झेंडू फूल देईना,
फुलाविना मुंडावळी होईना,
मुंडावळीविना ताई नवरी होईना!"

विहीर म्हणाली, "पाणी मस्त आहे गं. पोहराही आहे. पण दोर तुटलाय. आधी दोर, मग पाणी."

तुरुतुरु तुरुतुरु, चिंगी गेली भिवाकाकांकडे. भिवाकाका दोर वळायचे. पण आज आडवे पडले होते.

"काका, काका, दोर द्या!
दोराविना विहीर पाणी देईना,
पाण्याविना झेंडू फूल देईना,
फुलाविना मुंडावळी होईना,
मुंडावळीविना ताई नवरी होईना!"

काका म्हणाले, "पोटात कावळे ओरडतायत बाई. आधी भाकर, मग दोर. काकूला सांग. मी सांगितलं म्हणून सांगू नकोस हं!"

तुरुतुरु तुरुतुरु, चिंगी गेली हौसाकाकूंकडे. काकू चुलीपुढे बसल्या होत्या. चूल थंड. काकू गरम!

"काकू, काकू, भाकर द्या!
भाकरीविना काका दोर देईना,
दोराविना विहीर पाणी देईना,
पाण्याविना झेंडू फूल देईना,
फुलाविना मुंडावळी होईना,
मुंडावळीविना ताई नवरी होईना!"

काकू म्हणाल्या, "त्यांनीच पाठवलं ना तुला? सरपण आणा, सरपण आणा, सांगून सांगून माझी जीभ दुखली. चूल काय माझ्या बोलण्यावर पेटते? निदान पाचोळा तरी आण. आधी पाचोळा, मग भाकर."

तुरुतुरु तुरुतुरु, चिंगी गेली कडुनिंबाकडे. धापा टाकत गेली. मूठ मात्र घट्ट होती.

"निंबा, निंबा, पाचोळा दे!
पाचोळ्याविना काकू भाकर देईना,
भाकरीविना काका दोर देईना,
दोराविना विहीर पाणी देईना,
पाण्याविना झेंडू फूल देईना,
फुलाविना मुंडावळी होईना,
मुंडावळीविना ताई नवरी होईना!"

निंब म्हणाला, "खोडावर मुंग्या फिरतायत गं. खाज खाज खाज होतेय! मला काय हात आहेत? शेळीमावशीला बोलव. ती पाठ घासते झकास. आधी खाजव, मग पाचोळा."

तुरुतुरु तुरुतुरु, चिंगी गेली शेळीमावशीकडे.

शेळीमावशी काहीतरी चघळत होती. कुरुम कुरुम... कुरुम कुरुम...

"मावशी, मावशी, पाठ घास!
घासल्याविना निंब पाचोळा देईना,
पाचोळ्याविना काकू भाकर देईना,
भाकरीविना काका दोर देईना,
दोराविना विहीर पाणी देईना,
पाण्याविना झेंडू फूल देईना,
फुलाविना मुंडावळी होईना,
मुंडावळीविना ताई नवरी होईना!"

"बें!" शेळीमावशीने मान फिरवली.

आणि तिच्या दाढीत काय दिसलं? पिवळी पाकळी!

"मावशी! तूच खाल्ल्यास मुंडावळ्या?"

"खाल्ल्या! खाल्ल्या! खाल्ल्या!" शेळीमावशी फुरंगटली. "कोंबडीला बोलावलं. म्हशीला बोलावलं. मला नाही बोलावलं. आला मला राग!"

"अगं, बोलावलं होतं! मीच आले होते. वडाचं पान दिलं तुला. पानावर हळदीने लिहिलं होतं, लग्नाला यायचं!"

शेळीमावशी चघळायची थांबली.

"पान? हिरवं?"

"हो."

"एवढं मोठं?"

"हो."

"देठाशी गोड?"

"ते मला काय माहीत!"

शेळीमावशीने मान खाली घातली. "चिंगे, ते मी खाल्लं."

न वाचताच! आता हसावं की रडावं?

चिंगीला राग आला. फार राग आला. मग तिने मावशीकडे बघितलं. मावशीच्या दाढीवरून टपकन एक थेंब पडला. तीसुद्धा रडत होती.

चिंगीने मूठ उघडली. अक्षतेचा दाणा काढला. एकुलता एक. तो तिने मावशीच्या कपाळावर चिकटवला.

"शेळीमावशी, माझ्या ताईच्या लग्नाला यायचं हं! हे आमंत्रण पानावर नाही. तोंडी आहे. हे खाता येत नाही."

"बें बें बें!" शेळीमावशी उठलीच.

मग काय झालं? सांगू?

शेळीने पाठ घासली, घस्स घस्स! निंब हलला.
निंब हलला, पाचोळा पडला, सर सर सर!
काकूंनी फुंकर मारली, फू फू फू! चूल पेटली.
चूल पेटली, भाकर झाली, थप थप थप!
काका जेवले, मटामटा. ढेकर दिली. दोर वळला.
दोर बांधला, पोहरा सोडला, डुबुक!
झेंडू पाणी प्याला, गट गट गट! मान वर झाली.
"घे गं चिंगे, लागतील तेवढी फुलं घे!"

चिंगीने गळ्यातला दोरा काढला. ओवलं फूल, ओवलं फूल, ओवलं फूल. झाल्या मुंडावळ्या!

ताईच्या कपाळावर बांधल्या. ताई झाली नवरी!

सगळे जमले. नवरदेव आला. कोंबडी आली. म्हैस आली. काका आले, काकू आल्या. शेळीमावशी सगळ्यांच्या पुढे.

"शुभ मंगल सावधान!"

सगळ्यांनी अक्षता टाकल्या. चिंगीने मूठ वर केली. मूठ रिकामी! ताईचं लग्न, आणि करवलीकडे अक्षता नाही.

तेवढ्यात शेळीमावशी खाली वाकली. खूप खाली. कपाळ पुढे केलं. कपाळावर पिवळा दाणा तसाच!

"घे, तुझी अक्षता. दिवसभर सांभाळली. खाल्ली नाही हं."

चिंगीने दाणा घेतला. ताईवर टाकला, टिच्च! बरोबर नाकावर. ताई हसली.

मग आई केक घेऊन आली. "पहिला तुकडा कुणाचा? करवलीचा! करवलीचा मान पहिला!" सगळ्यांत जास्त शेंगदाणे होते, तोच तुकडा चिंगीला मिळाला. मोठ्ठा!

जेवणं झाली. शेळीमावशीने तोरणाकडे बघितलं. पत्रावळींकडे बघितलं. मुंडावळ्यांकडेही बघितलं.

"चिंगे, आता खाऊ?"

"आता खा!"

कुरुम कुरुम... कुरुम कुरुम...

तोरण संपलं. पत्रावळी संपल्या. मांडव झाडायलाच नको! मुंडावळ्याही संपल्या. उरला नुसता दोरा.

तो चिंगीने गुंडाळून ठेवला. आणि टांगला पार वरच्या फांदीवर.