समुद्र सरकल्याचा पुरावा

करंजखारचा बांध फोडून समुद्र आत शिरला, तेव्हा राजा उदयभानाने मुळीच वेळ दवडला नाही. त्याने समिती नेमली.

सात विद्वानांनी तीन वर्षं विचार केला आणि अहवाल दिला: समुद्र आहे तिथेच आहे, करंजखारचे लोकच थोडे पुढे सरकले असावेत. अधिक अभ्यासासाठी आणखी तीन वर्षं लागतील.

तोवर खारं पाणी येसूच्या उंबऱ्याला लागलं होतं. तिचा नवरा राजाच्या पालखीचा भोई. सहा महिन्यांची लेक कडेवर घेऊन ती थेट दरबारात गेली.

"महाराज, महिन्याभरात मोठं उधाण येतंय. बांध झाला नाही तर गाव राहत नाही."

राजाने प्रधानाकडे पाहिलं. "गदाधरपंत, आपण काही केलंय ना?"

"भरपूर, महाराज. तीव्र चिंता व्यक्त केलीय. दोनदा."

"ऐकलंस, बाई?"

"मी ऐकलं, महाराज. पाण्यानं बहुतेक ऐकलं नाही."

दरबाऱ्यांनी तोंडावर उपरणी घेतली. राजा चिडला. "नारळी पौर्णिमेला मी स्वतः समुद्र पाहतो. आजोबांनी किनाऱ्यावर बांधलेल्या नारळ वाहायच्या चौथऱ्यापासून तो माझ्या लहानपणी दहा पावलांवर होता, आजही दहाच पावलांवर आहे. पुढे आला म्हणतेस, तर इथल्या इथे सिद्ध कर. मी किनाऱ्यावर येणार नाही आणि तुमच्या गावचा साक्षीदार चालणार नाही. जमलं तर उद्यापासून बांध. नाही जमलं, तर अफवा पसरवल्याबद्दल गाव सोडायचं."

"तसंही पोहतच सोडावं लागणार आहे," येसू म्हणाली. "माझंच चुकत असेल, महाराज. तान्ह्या पोरीपायी झोप नाही, डोकं ठिकाणावर नसतं. पण साक्षीदार खरं बोलणारा असला म्हणजे झालं ना?"

"झालं."

"मग तुम्हीच."

राजा सावरून बसला.

"चौथऱ्याकडे जाताना पालखीचे पडदे का लावतात, महाराज?"

"नारळ वाहण्याआधी राजाने समुद्र पाहायचा नसतो. रीत आहे आमची."

"आणि वाटेत भोई काय म्हणतात?"

राजाचा चेहरा खुलला. "रुसल्या राणीचं गाणं! लहानपणी आजोबांच्या मांडीवर बसून ऐकायचो. एकवीस कडवी. भोयांची पावलं गाण्याच्या ठेक्यावर पडायची, आणि एकविसावं संपायला पालखी चौथऱ्याला टेकायची."

"एकविसाव्यात काय होतं?"

"राणी माहेराहून परत येते."

"यंदा आली?"

राजा उत्तर द्यायला गेला आणि थांबला. "यंदा... नाही. मी उतरलो तेव्हा ती माहेरीच होती. तेरावं कडवं चालू होतं. गेल्या वर्षी पंधरावं. मला वाटलं, भोई आळशी झाले."

"गाणं तेच, ठेका तोच, राजवाडाही जागचा हलला नाही. मग आठ कडव्यांची वाट गेली कुठे?"

राजा हळूच वळला. "पंत?"

प्रधानाने घसा खाकरला. "महाराजांचे पाय भिजू नयेत म्हणून चौथरा दरवर्षी थोडा अलीकडे... अर्थात प्रत्येक दगड पूर्ण सन्मानाने हलवला."

"म्हणजे दगड उचलायला माणसं मिळतात," येसू म्हणाली. "बांधासाठी मिळत नाहीत, असं आम्हाला कळवलं होतं."

तेवढ्यात एक विद्वान उठला. "महाराज, कडवी नेमकी का घटली, यावर उपसमिती..."

राजाला आधी ठसका लागला, मग हसू. आवरेच ना. "उद्या पहाटे बांध सुरू," तो डोळे पुसत म्हणाला. "आणि तुला काय हवं ते माग, बाई."

"बांध पुरा होईपर्यंत समितीची बैठक माझ्या ओटीवर भरू द्या. भरतीच्या वेळेला."

यावर राजा इतका मोठ्याने हसला की येसूची लेक दचकून रडायला लागली. त्याने हातातलं सोन्याचं कडं काढून तिच्या मुठीत दिलं.

"मंजूर," तो म्हणाला. "आणि पंत, तुम्ही पाण्याच्या बाजूला बसा."