गोदामामागचा सूर्य

एक म्हातारा होता. पाच गावचे तंटे त्याच्याकडं यायचे, कारण तो कुणाच्या ओसरीवर चहासुद्धा पीत नसे. त्याच्यापाशी एक चेला होता. चेला हुशार, आणि आपण हुशार आहोत हे त्याला जरा जास्तच ठाऊक.

जेठ महिन्यात एक तंटा आला. गावच्या व्यापाऱ्याला धुरपाबाई कुंभारणीच्या अंगणाला लागून उंच गोदाम बांधायचं होतं. बाई म्हणत होती, माझं ऊन जाईल. म्हाताऱ्याचे गुडघे धरले होते, म्हणून त्यानं चेल्याला धाडलं.

चेला भल्या पहाटे जाऊन अंगणात उभा राहिला. सूर्य वर आला तो डाव्या अंगाला, पार आंब्याच्या झाडाजवळ. गोदामाची जागा उजव्या अंगाला. सगळं अंगण उन्हानं भरून गेलं.

"बघ बाई, गोदाम इकडं, सूर्य तिकडं. तुझ्या उन्हाला काय धाड भरली?"

"आत्ता तिकडं हाय," धुरपाबाई म्हणाली. "थंडीत उजवीकडं सरकतो. त्या जागेवरनंच वर येतो. आन संक्रांतीची सुगडं मी थंडीतच वाळवते. साऱ्या सालाची भाकर हाय ती."

"सूर्य पूर्वेलाच उगवतो. शेंबड्या पोराला पण कळतं हे."

व्यापारी बाजूलाच होता. जन्म त्याच गल्लीतला, थंडीतला सूर्य त्याला चांगला माहीत. तो काही बोलला नाही. चेल्याला बसायला खुर्ची दिली, निकाल लिहून घेतला, खाली सही घेतली. दिवाळीपर्यंत गोदाम उभं राहिलं.

पौषात, संक्रांत आठ दिवसांवर आली तेव्हा म्हाताऱ्यानं चेल्याच्या हातात एक ओलं सुगड ठेवलं.

"धुरपाबाईच्या अंगणात जाऊन बस. हे वाळलं की ये. अंगणाबाहेर पाऊल टाकायचं न्हाई."

चेल्याला वाटलं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. पण गेला. साऱ्या गावात ऊन पडलं, त्या अंगणात पडलं नाही. सूर्य गोदामाच्या मागून चढत होता, आणि चेला गारठ्यात मातीचं भांडं धरून बसला होता. दुपार कलताना हातभर ऊन आलं, ते पलीकडच्या घरांनी गिळलं. भोवती ओळीनं मांडलेली सुगडं ओलीच.

ओलं सुगड हातात घेऊन तो तसाच परतला. "बाबा, सूर्य सरकला."

"दर सालाला सरकतो," म्हातारा म्हणाला. "मी तुला ते दाखवलं न्हाई, ही माझी चूक. तुला ठाऊक नव्हतं, त्याचा राग न्हाई मला. तिला ठाऊक होतं. चाळीस वर्सं त्या अंगणात मडकी वाळवते ती. तिनं तोंडानं सांगितलं आन तू तिचीच अक्कल काढलीस. एक सकाळ बघितलीस, आन साऱ्या सालाचा निकाल देऊन आलास."

चेला पळत व्यापाऱ्याकडं गेला. व्यापाऱ्यानं कागद पुढं केला. "सही कुणाची हाय, वाच की."

थांबायला दिवस उरले नव्हते. धुरपाबाईनं अर्धओली सुगडंच आव्यात रचली आणि जाळ लावला. आतून फटाफट फुटल्याचे आवाज येत राहिले. दुसऱ्या दिवशी राख उकरली तर सगळी खापरंच. पाच-पंचवीस तेवढी शाबूत.

चेला कडेला उभा होता. त्यानं विचारलं, "आता सूर्य कुठं जाणार, बाई?"

"आता इचारतोस व्हय." ती खापरं पाटीत टाकत राहिली. "संक्रांत झाली की माघारी फिरंल. शिमग्यापतोर गोदामाच्या भाईर येईल. मग काय, अंगण भरून ऊन. त्या उन्हात सुगडं कोण घेतं, तेवढं सांग मला."

पाटी भरली होती. ती चेल्यानं डोक्यावर घेतली आणि उकिरड्याकडं चालू लागला.