टिकली आणि शेवग्याचा कसदार पाला

माळावर एक शेळी होती. तिला दोन करडं. टिकली आणि भुऱ्या.

एक दिवस आईचं दूध आटत आलं. भुऱ्या खाली बसला, तो उठेचना. त्याचे पाय लट लट लट.

आई म्हणाली, शेवग्याचा पाला खाल्ला तर दूध येईल. पण कसदार हवा. कस म्हणजे अंगात येणारं बळ. नदीकाठच्या शेवग्यात कस होता, पण नदी फार लांब. डोंगरावरच्या शेवग्यात कस होता, पण डोंगर त्याहून लांब. माळावरचा शेवगा जवळ होता. तो मात्र पिवळा पडलेला.

टिकलीने ते ऐकलं. ती निघाली टुणुक टुणुक.

"शेवगेदादा, पाला दे.
आईला दूध येईना, भुऱ्या उठेना."

शेवगा म्हणाला, माती कस देईना. आधी तिला सांग.

टिकली गेली टुणुक टुणुक.

"मातीबाई, कस दे.
शेवगा पाला देईना,
आईला दूध येईना, भुऱ्या उठेना."

माती म्हणाली, मी दगडासारखी घट्ट झालेय. गांडूळ मला उकरेना.

टिकली गेली टुणुक टुणुक.

"गांडूळदादा, माती उकर.
माती कस देईना,
शेवगा पाला देईना,
आईला दूध येईना, भुऱ्या उठेना."

गांडूळ म्हणालं, ओल नाही, मी हलू कसं? पाटाला सांग.

ऊन कलायला लागलं. भुऱ्या उठला असेल का? टिकली गेली टुणुक टुणुक.

"पाटा पाटा, ओल दे.
गांडूळ उकरेना,
माती कस देईना,
शेवगा पाला देईना,
आईला दूध येईना, भुऱ्या उठेना."

पाट म्हणाला, विहिरीवरची कौतिकमावशी पाणी सोडेना.

मावशी विहिरीपाशी बसली होती. टिकलीला धाप लागली. हा हू, हा हू.

"मावशी, पाणी सोड.
पाट ओल देईना,
गांडूळ उकरेना,
माती कस देईना,
शेवगा पाला देईना,
आईला दूध येईना, भुऱ्या उठेना."

मावशी म्हणाली, "नुसत्या पाण्याने पाला पाणचट होतो, बाळा. आधी खत हवं. आहे तुझ्याकडे?"

टिकलीकडे काहीच नव्हतं. ती घाबरली. इतकी घाबरली, की मागून आवाज आला.

टप. टप. टप टप टप.

काळ्या काळ्या लेंड्या!

मावशी हसली. "हेच की गं खत."

तिने लेंड्या टोपलीत भरल्या, शेवग्याच्या बुंध्याशी टाकल्या. मग पाणी सोडलं. पाट वाहिला खळ खळ. गांडूळ हललं वळ वळ. माती झाली भुसभुशीत.

पण पाला लगेच कुठला यायला? एक दिवस गेला. दोन दिवस गेले. आईला चार थेंब दूध येई. टिकली ते स्वतः न पिता भुऱ्याला देई, आणि रोज शेवग्याखाली जाऊन वर बघे.

मग कोवळा कोवळा पाला फुटला. शेवग्याने फांदी वाकवली. आईने पाला खाल्ला कच कच कच. दूध आलं. भुऱ्या प्यायला चुटू चुटू. उठला. पडला. पुन्हा उठला, आणि उभा राहिला.

टिकली लांब उभी राहून बघत होती.

आई म्हणाली, "ये गं, आता तू पी."

टिकली प्यायली चुटू चुटू. पिता पिताच झोपेने तिचे डोळे मिटले.